अठरा वर्षांनी गाणाऱ्या आवाजाचे ध्वनिमुद्रण

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याच्या मावशी लोकगीते गात असत. १८ वर्षांपूर्वी त्यांनी गाणे थांबवले, तेव्हा त्यांची पट्टी, म्हणजे ज्या स्वराला ‘सा’ धरून त्या गात तो आधारस्वर, काळी पाच (हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी) होती. आज त्या ६४ वर्षांच्या आहेत, घरात पुन्हा गुणगुणू लागल्या आहेत आणि एक अल्बम करावा असे त्यांना मनापासून वाटते. एका स्टुडिओचालकाने सुचवले आहे की जुनी दहा लोकप्रिय गाणी त्याच पट्टीत पुन्हा गाऊन घ्यावीत, कुठे सूर ढळला तर तो सॉफ्टवेअरने सरळ करता येईल. हा सल्ला मानावा का, आणि मानू नये तर काम कसे करावे, असे विचारले आहे.

माझे काम गायकांचे ध्वनिमुद्रण आणि अल्बमची निर्मिती हे आहे, आणि उतारवयातील गायकांबरोबर मी बरीच वर्षे बसलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हा सल्ला मानू नये. त्यातील तंत्राचा भाग खरा आहे, सूर सरळ करता येतो. परंतु जुनी पट्टी गाठण्यासाठी ताणलेला घसा सॉफ्टवेअरने सैल होत नाही. स्वराची उंची दुरुस्त होते आणि स्वरातील ताण जसाच्या तसा राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला सूर बरोबर असूनही काहीतरी खटकत राहते. शिवाय लोकगीतांतील कणसूर (मुख्य स्वराला ओझरते लागणारे स्वर), मुरक्या (झटकन घेतलेली स्वरांची छोटी वळणे) आणि दोन स्वरांच्या मधली घसट हीच त्या गाण्याची ओळख असते, आणि जवळच्या स्वराकडे ओढून नेणारी दुरुस्ती सर्वांत आधी तीच पुसून टाकते. अल्बम मावशींच्या आजच्या आवाजासाठी बेतायला हवा. पट्टी, लय, गाण्यांची निवड, खोली आणि माइक हे सगळे त्यानंतर ठरते.

आजचा आवाज म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या. वयानुसार स्वरतंतूंमधील स्नायू थोडे बारीक होतात आणि गाताना दोन्ही तंतू पूर्वीसारखे घट्ट मिटत नाहीत. मधून हवा निसटते, त्यामुळे आवाज पातळ किंवा हवेशीर वाटतो आणि एक ओळ पुरी करायला दम अधिक लागतो. त्याच वेळी फुप्फुसांची क्षमताही कमी झालेली असते, म्हणजे खर्च वाढतो आणि पुंजी घटते. स्त्रियांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर साधारणपणे खाली उतरतो, तर पुरुषांचा उतारवयात बहुधा किंचित वर चढतो. लांबवलेल्या स्वरातील कंप संथ आणि रुंद होतो, त्यालाच आपण आवाज हलतो असे म्हणतो. यातले काही व्यायामाने सुधारते आणि काही सुधारत नाही, आणि जे सुधारत नाही ते गाण्याच्या मांडणीत सामावून घ्यावे लागते.

म्हणून स्टुडिओची तारीख घेण्याआधी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी, आणि शक्य असेल तर स्ट्रोबोस्कोपीही करावी, कारण त्या झगमगत्या प्रकाशात स्वरतंतू कसे हलतात आणि कसे मिटतात ते प्रत्यक्ष दिसते. जाताना औषधांची यादी बरोबर न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोर लावून गाताना स्वरतंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, दम्याच्या पंपातील स्टेरॉइडने आवाज घोगरा होऊ शकतो आणि सर्दीच्या गोळ्या घसा कोरडा करतात. यांपैकी एकही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. गाणे सुरू करायचे आहे एवढे डॉक्टरांना सांगावे, पर्याय असेल तर ते देतील. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी आवाज मोकळा व्हावा म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला कोणी हमखास देतो, त्याच्यापासून दूर राहा. सूज दबते, इजा कळत नाही आणि गायक त्याच इजेवर जोर देत राहतो.

तपासणी ठीक आली तर सहा महिने तयारीचे धरा. एवढा वेळ ऐकून लोक नाराज होतात, पण १८ वर्षे न वापरलेला स्नायू महिन्याभरात परतत नाही. आवाजाच्या उपचारतज्ज्ञाकडून व्यायाम शिकून घ्यावेत. साधारणपणे त्यांची सुरुवात ओठ मिटून गुणगुणण्याने किंवा पाण्याच्या पेल्यात बुडवलेल्या नळीतून आवाज काढण्याने होते. नळीमुळे तोंडात तयार होणारा दाब स्वरतंतूंना कमी आपटीत हलायला मदत करतो, म्हणून थकलेल्या किंवा नव्याने जाग्या होणाऱ्या गळ्याला हा व्यायाम मानवतो. दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा वेळ दिलेला बरा, एका बैठकीत तासभर घासण्याने नुकसानच होते.

आता पट्टी. हा निर्णय सर्वांत मोठा आहे आणि बहुतेक ठिकाणी तो पाच मिनिटांत उरकला जातो. गाण्यातील सर्वांत वरचा स्वर लागतो का, अशी परीक्षा घेतली जाते आणि तो एकदा लागला की सगळे खूश होतात. माझी परीक्षा वेगळी असते. तो स्वर दहाव्या वेळी, दुपारच्या जेवणानंतर, मान न ताणता आणि हनुवटी वर न उचलता लागतो का, हे मी पाहतो. काळी पाचमध्ये गाणारी गायिका आज बहुधा काळी चार किंवा काळी तीनमध्ये सुखाने गाते, म्हणजे दोन ते चार अर्धस्वर (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर) खाली येते. दहाही गाण्यांना एकच पट्टी ठेवण्याची सक्ती नाही, प्रत्येक गाण्याचा पल्ला निराळा असतो. मात्र पट्टी उतरली की खालच्या टोकालाही लक्ष द्या, कारण खर्जातले स्वर तिथे पुटपुटल्यासारखे येऊ लागतात आणि शब्द हरवतात. लोकगीतात शब्द हरवला तर गाण्यात उरते काय?

पट्टी बदलली की वाद्येही बदलावी लागतात, याचा विचार फार उशिरा होतो. तारवाद्याची तार चार अर्धस्वर खाली उतरवली तर ती सैल पडते, आवाज बोदा येतो आणि सूर टिकत नाही. तेव्हा जाड तार आधीच चढवून काही दिवस मुरू द्यावी लागते. बासरी दुसरी लागते. चामड्याचे वाद्य एका मर्यादेपलीकडे उतरवले की बोल उमटत नाहीत. वादक पहिल्या दिवशी हे सगळे करत बसले तर मावशी दोन तास ताटकळतील आणि त्यांचा गळा तयार असलेला वेळ हातचा जाईल.

लयीबद्दल एक गोष्ट उलटी वाटेल. वय झालेल्या गायिकेसाठी संयोजक आपोआप संथ लय धरतात, त्यात भारदस्तपणा येतो अशी समजूत असते. पण संथ लयीत ओळ लांबते आणि दम पुरत नाही. पुष्कळदा ठेका किंचित चढवला की तीच ओळ एका श्वासात आरामात बसते आणि गाण्यात जीव येतो. चढवायचा नसेल तर ओळ मध्येच तोडून श्वास घेण्याची जागा अर्थाला धरून आधी ठरवा. नामाला त्याच्या क्रियापदापासून तोडणारा श्वास ऐकणाऱ्याला लगेच कळतो. आणि तो श्वास ऐकू येत असेल तर संकलनात कापू नका. हल्ली श्वास पुसणारी साधने सर्रास वापरली जातात आणि त्यानंतर गाणे कोणी माणूस गात आहे असे वाटतच नाही.

जुनी दहा गाणी पुन्हा गाण्याच्या कल्पनेला माझा विरोध आवाजापुरता नाही. लोकांकडे जुने ध्वनिमुद्रण आहेच, दोन्ही शेजारी ठेवून ऐकणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि त्या तुलनेत ६४ वर्षांचा आवाज ४६ वर्षांच्या आवाजाकडून हरणार हे उघड आहे. जी गाणी या आवाजाने कधी गायलीच नाहीत तिथे तुलना संपते. जुन्यातले एखादे गाणे जरूर घ्यावे, पण तेच घ्यावे ज्याचा अर्थ वयाने बदलला आहे. नवी नवरी असताना गायलेले माहेरच्या ओढीचे गाणे माहेर उरलेले नसताना गायले तर ते वेगळे गाणे होते. ध्वनिमुद्रणाच्या काळात मावशींना त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकू देऊ नका, एवढी एक सक्ती मी सगळ्यांवर करतो. एक रुक्ष मुद्दाही आहे. जुन्या कंपनीशी झालेल्या करारात तीच गाणी काही वर्षे पुन्हा ध्वनिमुद्रित न करण्याचे कलम असते का ते पाहा. पारंपरिक गीत कोणाच्या मालकीचे नसले तरी त्याची विशिष्ट संगीत-मांडणी कोणाची तरी असू शकते आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा कंपनीकडे असतो.

अशा पुनरागमनाचे माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण इंग्लंडच्या शर्ली कॉलिन्स यांचे आहे. १९३५ मध्ये ससेक्समध्ये जन्मलेल्या या गायिकेने १९५९ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या अमेरिकन लोकगीत-संग्राहकाबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंडून लोकगीते ध्वनिमुद्रित करण्याच्या कामात भाग घेतला, आणि पुढे बहीण डॉली हिच्या वाद्यसंयोजनावर स्वतः अनेक अल्बम गायले. १९७८ च्या अल्बमनंतर संसार मोडला आणि आवाजही गेला. डिस्फोनिया या आवाज बिघडवणाऱ्या विकाराने गाणे अशक्य झाले आणि त्या लोकांसमोर गाण्यापासून दूर राहिल्या. पुढे कित्येक वर्षे डेव्हिड टिबेट हे संगीतकार त्यांना गाण्याचा आग्रह करत राहिले. अखेर २०१४ मध्ये लंडनच्या युनियन चॅपलमध्ये त्यांनी फक्त दोन गाणी गायली. २०१६ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ‘लोडस्टार’ हा अल्बम आला, म्हणजे मधे ३८ वर्षे गेली होती.

या अल्बमच्या निर्मितीतील प्रत्येक निर्णय तुमच्या उपयोगाचा आहे. ध्वनिमुद्रण स्टुडिओत न होता लुईस गावातील त्यांच्या घरी झाले, कारण परक्या तंत्रज्ञांपुढे काचेपलीकडे उभे राहून गाण्याचा त्यांना धसका होता. बरोबर काम करणारी माणसे ओळखीची आणि विश्वासाची होती. आवाज तरुणपणीपेक्षा कितीतरी खाली उतरलेला आणि खरखरीत होता, आणि तो झाकण्याचा प्रयत्न कुठेही केलेला नाही. गाणी पारंपरिक घेतली, त्यांतली काही मृत्यूची आणि खुनाची आहेत, आणि ती त्या आवाजात तिशीतल्या गळ्यापेक्षा अधिक पटतात. पुढचा २०२० चा अल्बम मात्र त्यांनी स्टुडिओत जाऊन केला. भीती आधी घरात मोडली आणि मग स्टुडिओचे दार उघडले, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

इंग्लंडच्याच गायिका वॅश्टी बन्यन यांची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे. १९७० चा त्यांचा पहिला अल्बम फारसा कोणी विकत घेतला नाही आणि त्यांनी गाणेच सोडले. २००० मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला, तरुण संगीतकारांनी तो शोधून काढला, आणि २००५ मध्ये, ३५ वर्षांनी, त्यांचा दुसरा अल्बम आला. त्यांचा मूळ आवाजच हळुवार, जवळजवळ कुजबुजल्यासारखा होता, त्यामुळे वयाने त्यातून फारसे काही हिरावून घेतले नाही. मावशी खुल्या गळ्याने आणि टिपेला गाणाऱ्या असतील तर हे उदाहरण तुम्हाला खोटी आशा दाखवील, म्हणून कॉलिन्स यांच्याकडेच पाहा.

खोलीविषयी बोलायचे तर घरची खोली चालते, पण ती शांत हवी आणि घुमणारी नसावी. जाड पडदे, गाद्या, पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी बरेच भागते. पंखा आणि फ्रीज बंद करा, आणि फ्रीज पुन्हा चालू करण्याची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली त्यात ठेवा (ही युक्ती ध्वनिमुद्रकांत जुनी आहे). माइकचे दोन प्रकार इथे विचारात येतात, मोठ्या पडद्याचा कंडेन्सर आणि रिबन. पातळ आणि धारदार झालेल्या आवाजाला मी बहुधा रिबन लावून पाहतो, कारण वरची धार तो आपोआप मऊ करतो. अंतर वीतभर ते दीड वीत. त्याहून जवळ गेले की खालचे स्वर फुगतात आणि तोंडातील बारीक चटचट ऐकू येते.

या वयात दात आणि कान यांचा विचार करावाच लागतो, आणि संकोचापोटी कोणी तो करत नाही. कवळी असेल तर ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे येतात आणि ‘च’वर बारीक टक असा आवाज उठतो. माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा बाजूला आणि नाकाच्या उंचीवर ठेवला की निम्मा त्रास जातो, आणि उरलेला ओळीतील एकेक अक्षर हाताने कमी करून घालवावा. त्यासाठी यंत्र सरसकट लावले तर सगळेच ‘स’ बोबडे होतात. श्रवणयंत्र असेल तर ते बहुधा बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते आणि संगीत ऐकताना स्वर डळमळीत करते, म्हणून श्रवणतज्ज्ञाकडून त्यात संगीतासाठी निराळी जुळणी करून घ्या. श्रवणयंत्र नसले तरी वरच्या पट्ट्यांतील ऐकणे कमी झालेले असते, मग गायिका हेडफोनचा आवाज वाढवायला सांगते आणि त्या गोंगाटात स्वतःचा सूर हरवून बसते. हेडफोनचा एक कान उघडा ठेवा आणि कानात वाद्यांचा पूर्ण ताफा न सोडता आधारस्वर आणि ठेका एवढेच सोडा. सूर ढळतो म्हणून ज्यांच्याबद्दल तक्रार येते त्यांच्यापैकी पुष्कळांचा सूर एवढ्यानेच जागेवर येतो.

शब्दांचा कागद डोळ्यांच्या उंचीवर आणि ठळक मोठ्या अक्षरांत हवा. तो खाली टेबलावर असला तर मान झुकते, घसा दबतो आणि प्रत्येक ओळीची सुरुवात दबकी येते. गाणे वाद्यांबरोबर समोरासमोर बसून घ्यावे. वेगळ्या ट्रॅकवर नंतर आवाज चढवण्याची पद्धत सराईत गायकाला जमते, पण लोकगायकाला वादकाच्या चेहऱ्याकडे पाहून ठेका कळतो. वाद्याचा आवाज माइकमध्ये थोडा झिरपेल, तो झिरपू द्या. एका दिवशी पाऊण तासाहून अधिक प्रत्यक्ष गाणे घेऊ नका, एका गाण्याचे तीन टेक (गाणे एकेकदा पूर्ण गाऊन केलेली ध्वनिमुद्रणे) पुरेत, आणि पहिला टेक तालीम म्हणून घेतला असे सांगितले तरी यंत्र चालू ठेवा. तिसऱ्या टेकनंतर आवाज सुधारत नाही, फक्त सावध होतो.

मिश्रणात, म्हणजे आवाज आणि वाद्ये एकत्र जुळवताना, हात आवरावा. आवाज दाबून एकसारखा करण्यापेक्षा हळू झालेले शब्द एकेक करून हाताने वर उचलणे वेळखाऊ आहे, पण त्याने आवाजातील चढउतार जिवंत राहतो. स्पॉटिफायसारख्या सेवा मुळातच सगळ्या गाण्यांची पातळी साधारण −१४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास आणतात, त्यामुळे अल्बम कानठळ्या बसेल इतका चढवून काही मिळत नाही. घुमारा कमीत कमी ठेवा. उतरलेल्या आवाजावर भरपूर घुमारा टाकला की काहीतरी लपवले आहे हे लगेच कळते.

एक शक्यता मात्र आधीच धरून चला. सहा महिन्यांनंतरही आवाज तासाभराने बसत असेल तर थांबायला हवे, आणि थांबणे म्हणजे अल्बम बुडणे असे समजू नका. इंग्लंडच्या लोकसंगीतातील गायिका लिंडा थॉम्पसन यांना स्पॅझमॉडिक डिस्फोनिया, म्हणजे स्वरयंत्राचे स्नायू आपोआप आखडण्याचा विकार, झाला. बराच काळ थांबून त्यांनी २००२ मध्ये पुनरागमनाचा अल्बम केला, पण पुढे गाणे अशक्य झाले तेव्हा २०२४ मध्ये त्यांनी स्वतः रचलेली गाणी इतर गायकांकडून, त्यांत स्वतःच्या मुलांकडूनही, गाऊन घेतली आणि अल्बम स्वतःच्या नावाने काढला. मावशी चार गाणी स्वतः गातील, चार त्यांनी शिकवलेली तरुण गायिका गाईल आणि गाण्याआधी प्रत्येक गाण्याची कहाणी मावशी सांगतील, असा अल्बम मला दहा ओढूनताणून गायलेल्या गाण्यांपेक्षा केव्हाही बरा वाटतो. बोलण्याचा आवाज टिकून असेल तर लोकगायिकेचे बोलणे हाही ऐकण्याचाच ऐवज आहे.

तयारी झाल्यावर पहिल्या महिन्यात फक्त दोन गाणी करा आणि ती मावशींना ओळखीच्या वीस-पंचवीस माणसांसमोर, माइकशिवाय, एकदा गायला लावा. त्यानंतर त्या स्वतः काय म्हणतात ते ऐकून पुढचे ठरवा. आणि स्टुडिओचालक किंवा निर्माता कोणीही असो, काम सुरू होण्याआधी दोन कलमे लेखी घ्या: मावशींच्या लेखी संमतीशिवाय कोणताही टेक प्रकाशित होणार नाही, आणि न वापरलेल्या टेकसह सगळ्या मूळ फाइलींची एक प्रत त्यांच्या ताब्यात राहील. पहिल्या कलमाला जो निर्माता नाही म्हणेल त्याच्याकडे दुसरे कलम मागायला जाण्याची गरज नाही, दुसरा निर्माता पाहावा.